हणमंतरावांनी मराठी टाकली

हणमंतरावांनी घरात मराठी बोलायचं सोडलं, ही बातमी फुटली गुंडूरावांच्या भांड्यांच्या दुकानात. तिथे फुटली म्हणजे राजाजीनगरात ती कळायची कुणाची राहिली नाही. गुंडूराव कुकरच्या शिट्टीबरोबर गिऱ्हाइकाला एक बातमी फुकट देतात, आणि ती शिट्टीपेक्षा जास्त दिवस टिकते.

"नवरा-बायकोचं भांडण झालं असणार," गुंडूराव म्हणाले.

"अहो, भांडण झालं तर माणूस बोलणं सोडतो. भाषा कशाला सोडेल?" गिऱ्हाईक म्हणालं.

"मग कॉर्पोरेशनच्या इलेक्शनला उभा राहत असेल," गुंडूराव शिट्टी पुसत म्हणाले. "आत्तापासून प्रॅक्टिस."

सगळे हसले. दुकानासमोरच्या घरात हणमंतरावांची बायको प्रेमा खिडकीशी कढीपत्ता खुडत होती. तिला सगळं ऐकू गेलं. एरवी असलं काही कानावर आलं तर ती तिथूनच गुंडूरावांना सव्याज परत करायची. त्या दिवशी तिने खिडकी लावून घेतली. तेव्हाच खरं तर गल्लीला शंका यायला हवी होती.

आता हे घराणं कसलं, ते आधी सांगायला हवं. हणमंतरावांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आले, असं त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई सांगतात. गुंडूराव म्हणतात, फौजेबरोबर नव्हे, फौजेच्या आचाऱ्याबरोबर. कुणाबरोबर का असेना, आले ते इथलेच झाले. शाळा कन्नड, बाजार कन्नड, नोकरी कन्नड. पण घरात एक कायदा, सावित्रीबाईंच्या सासऱ्यांच्याही आधीपासूनचा: चपला आणि कन्नड उंबऱ्याबाहेर. आत मराठी. ती मराठीही पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो हसेल, कारण 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' असले शब्द डासांसारखे कधीच आत शिरले होते आणि त्यांना कुणी मोजत नव्हतं. पण कायदा म्हणजे कायदा. लहानपणी हणमंतरावांनी उंबऱ्याच्या आत 'अम्मा' म्हटलं की सावित्रीबाई म्हणायच्या, "बाहेर जा, आणि 'आई' म्हणत आत ये."

हणमंतराव अग्निशामक दलात लीडिंग फायरमन. म्हणजे पाण्याच्या पाइपचं तोंड धरून सगळ्यांत पुढे असणारा. अंगाने आडवे, मिशा भरघोस, आणि बोलायला लागले की बंबाला लाज आणतील असा जोर. ड्यूटीवरून आले की कट्ट्यावर गल्ली जमायची. लिफ्टमध्ये अडकलेला नवरदेव, चिंचेच्या झाडावर चढलेला आणि उतरायला घाबरणारा पोलीस, स्टीलच्या डब्यात डोकं घालून बसलेलं कुत्रं. असल्या गोष्टी ते घरी आणायचे. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी आणायचे नाहीत. त्या कन्नडबरोबर बाहेर राहायच्या. प्रेमाला त्या नुसत्या अंघोळीवरून कळायच्या. न्हाणीघरात पाण्याचा आवाज फार वेळ चालला की ती पोळ्या जरा उशिरा टाकायची, विचारायची काही नाही. संसार असाच छान चालला होता.

त्यात दलाची एक रीत होती. आग लागली की कुणी पाइप धरतो, कुणी शिडी लावतो, पण बाहेर फुटपाथवर जी माणसं छाती बडवत उभी असतात, त्यांच्याशी बोलायचं कुणी? तर हणमंतरावांनी. कारण त्यांना कन्नड येतं, तमिळ येतं, तेलुगू, हिंदी, आणि मराठी तर घरचीच. बेंगळुरात जळणारं घर कुठल्या भाषेत रडेल, सांगता येत नाही. साहेब नुसतं "हणमंता, मातनाडु," म्हणजे "बोल जरा," असं म्हणायचे, आणि हणमंतराव हेल्मेट काढून त्या माणसाशेजारी बसायचे. आत कोण कोण होतं, ते विचारायचे. मग आतलं काय सापडलं, ते सांगायचे. इतकी वर्षं पाइपचं पाणी बाकीच्यांनी आळीपाळीने धरलं. डोळ्यांचं पाणी मात्र एकट्या हणमंतरावांच्या वाट्याला. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. ज्याला जमतं त्यालाच काम सांगतात, हा सगळ्या ऑफिसांचा नियम.

आणि एका शुक्रवारी ते ड्यूटीवरून घरी आले, चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, "अम्मा, नीरु कोडु."

सावित्रीबाईंनी वळून दाराकडे पाहिलं. त्यांना वाटलं, भाजीवाला पाणी मागतोय.

"अरे, तू होय! आणि हे काय? बाहेर जा बघू."

नेहमीचा हणमंता हसत बाहेर गेला असता. हे हणमंतराव तसेच उभे राहिले. प्रेमाने पाणी दिलं, ते प्याले आणि "साकु" म्हणजे 'पुरे' म्हणून न्हाणीघरात गेले. पाण्याचा आवाज किती वेळ चालला! पोळ्या टाकून झाल्या, गार झाल्या, तरी चालूच.

तेव्हापासून घरात कन्नड. जेवलात का विचारलं, तर "आय्तु." झालं. काय झालं विचारलं, तर "एनू इल्ला." काही नाही. सावित्रीबाई हट्टाने मराठीत विचारायच्या, मुलगा कन्नडमध्ये उत्तर द्यायचा, आणि मधे बसून प्रेमाला वाटायचं की आपण घरात नाही, मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर बसलोय.

कट्टा बंद झाला. झोप उडाली. आणि एक नवीनच खूळ सुरू झालं. हणमंतराव संध्याकाळी गल्लीत फिरायला निघाले की प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात डोकवायचे आणि गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर बंद करून यायचे. चांगली गोष्ट, पण वर पातेल्यात काहीतरी शिजत असायचं. गुंडूरावांचा बिसीबेळे भात तीन वेळा कच्चा राहिला. चौथ्यांदा ते पळी घेऊनच बाहेर आले.

"हणमंता, आग विझवणं तुझं काम, हे मान्य. पण माझ्या पोटातली कोण विझवणार?"

एरवी या वाक्याला हणमंतरावांनी असं उत्तर दिलं असतं की गुंडूरावांना ते आठवडाभर पुरलं असतं. ते फक्त "सरी" म्हणाले आणि पुढच्या घरात गेले.

गुंडूरावांच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये मनस्विनी नावाची पोरगी भाड्याने राहायची. पुण्याची, महादेवपुऱ्यात कंपनीत कामाला, सोबत एक करड्या रंगाची मांजर. मांजरीचं नाव चकली. गल्लीत मराठी घर आहे म्हटल्यावर ती आल्या आल्या ओळख करून घेऊन गेली होती. पूर्वी हणमंतराव तिच्या मराठीची यथेच्छ टिंगल करायचे आणि ती यांच्या. आता तिने "काका!" अशी हाक मारली की काका रस्ता ओलांडून पलीकडे.

"काकू, काका माझ्यावर चिडलेत का?" तिने प्रेमाला विचारलं. "चकलीने काही केलं का? ॲक्च्युअली ती खूप शाय आहे. पण तुमच्या तुळशीत एकदा ती... म्हणजे मी सॉरी म्हणते."

"तुझ्यावर नाही गं चिडले," प्रेमा म्हणाली. मग कुणावर, ते तिलाही माहीत नव्हतं.

सावित्रीबाईंचं निदान तयार होतं. दृष्ट. इतकी वर्षं लोकांच्या जळत्या घरात जाऊन सुखरूप येतो, कुणाची तरी लागणारच. त्यांनी एका मंगळवारी अंगणात शेगडी पेटवली, मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेतल्या, लेकाला पाटावर बसवलं आणि ओवाळायला सुरुवात केली. हणमंतराव गुमान बसले होते. मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या, तडतडल्या, धूर उठला. दृष्ट कडक असली तर म्हणे मिरच्यांचा ठसका लागत नाही. इथे असा ठसका की गुंडूराव दुकानातून शिंकत बाहेर आले आणि वरून मनस्विनीने खिडक्या धाडधाड लावल्या.

तेवढ्यात हणमंतराव उठले. तुळशीजवळची बादली उचलली आणि शेगडीवर उपडी केली. चर्र आवाज झाला. वाफ, राख, ओल्या मिरच्या, सावित्रीबाईंचं लुगडं चिंब.

"मेल्या! देवीचा निखारा विझवलास?" सावित्रीबाई ओरडल्या.

गल्ली पोट धरधरून हसली. गुंडूराव म्हणाले, "फायर ब्रिगेडची सर्व्हिस बघा, फोन करायच्या आधी हजर!" प्रेमाही हसणार होती. पण तिचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे गेलं. बादली रिकामी झाली होती, तरी तो हात ती शेगडीवर ओततच होता.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशी म्हण आहे. प्रेमाला त्या क्षणी कळलं की आपण सगळे शेगडीपाशी जमलोय, आणि आग भलतीकडेच लागली आहे.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ या."

"कसल्या?" कन्नडमध्येच.

"या असल्या गोष्टींचे असतात ते."

हणमंतराव म्हणाले ते असं: डोक्याच्या डॉक्टरकडे गेल्याचं दलात कळलं की गाडीवरून उतरवतात. फोनपाशी बसवतात. मग जन्मभर लोक म्हणतात, तो बघा, घाबरला होता तो. गाडी गेली तर हणमंतरावांत उरलं काय? मिशा?

आणि विषय संपला. प्रेमाने ओळखलं की याच्यापुढे जोर लावण्यात अर्थ नाही. पण ती स्टेशनातल्या प्रदीपकुमारला फोन करून आली. प्रदीपकुमार म्हणजे हणमंतरावांच्या मागे पाइप धरणारा तरुण गडी, तुमकूरचा, त्यांना 'अण्णा' म्हणणारा. "अण्णाकडे लक्ष ठेव," एवढंच ती म्हणाली. तो "सरी अक्का" म्हणाला, आणि त्याने ते फारच मनावर घेतलं.

कारण पुढच्याच पंधरवड्यात एका पुठ्ठ्यांच्या शेडला आग लागली. फार मोठी नव्हती. कामगार बाहेर आले होते, मुकादमाने डोकी मोजून सांगितलं होतं, साहेबांनी परत एकदा मोजली होती. छप्पर कलायला लागलं म्हणून सगळ्यांना मागे यायचा हुकूम झाला. सगळे मागे आले. हणमंतरावांनी पाइप खाली ठेवला आणि हुकूम मोडून सरळ आत गेले, आत नसलेल्या माणसाला शोधायला. प्रदीपकुमार त्यांच्या मागे गेला. पत्रा पडला तो त्याच्या खांद्यावर. हणमंतरावांनीच त्याला ओढत बाहेर आणलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बाकी पठ्ठ्या शाबूत.

प्रेमा डबा घेऊन हॉस्पिटलात गेली. प्रदीपकुमार पलंगावर खांदा बांधून बसला होता. पलीकडे भिंतीशी हणमंतराव उभे, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या मुलासारखे.

"अक्का, तुला माहीत नाही का?" प्रदीपकुमार म्हणाला. "गाद्यांच्या गोडाऊनचं?"

"माझ्याकडे कन्नडमधलं काही येत नाही बाबा," प्रेमा म्हणाली. "उंबऱ्यावरच राहतं."

"ते कन्नडमधलं नव्हतंच ना, अक्का. तिथेच तर घोळ झाला." त्याने अण्णाकडे पाहिलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग तोच सांगू लागला. त्या शुक्रवारी गाद्यांच्या गोडाऊनला आग लागली. मालक म्हणाला, सगळे बाहेर आलेत. आले नव्हते. गठ्ठ्यांमागे एक कामगार झोपला होता. त्याचा धाकटा भाऊ बाहेर फुटपाथवर होता. लातूरकडचा, मराठीच बोलणारा. साहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, हणमंता, मातनाडु. "अण्णा आत जाऊन आला तेवढं सोडलं, तर दुपारपासून अंधार पडेपर्यंत तो पोरगा अण्णाचा हात धरून बोलत होता. काय बोलला, आम्हाला कुणाला कळलं नाही. अण्णाने कधी सांगितलंही नाही. पण त्यानंतर अण्णा कुणी 'सगळे बाहेर आले' म्हटलं की ऐकतच नाही. प्रेशर बघायचं विसरतो. पोरांवर खेकसतो. एकदा हेल्मेटशिवाय निघाला. आम्ही झाकत आलो, अक्का. आपला माणूस आहे म्हणून."

प्रदीपकुमारने मान वळवता येईना म्हणून सगळं अंगच वळवलं आणि म्हणाला, "अण्णा, ऐक. पुढच्या वेळी तू आत गेलास, तर मी परत तुझ्या मागे येणार. माझी काही तक्रार नाही. फक्त आत्ता एकच खांदा शिल्लक आहे, तेवढं लक्षात ठेव."

घरी येताना रिक्षात हणमंतराव म्हणाले, "नाळे होगोणा." उद्या जाऊ या. कुठे, ते प्रेमाने विचारलं नाही.

डॉक्टर रक्षिता दिसायला इतकी लहान की प्रेमाला वाटलं, डॉक्टर आत असतील, ही त्यांची मुलगी. तिने चहा मागवला आणि कन्नडमध्ये म्हणाली, "सांगा." हणमंतरावांनी सांगितलं. कॉल किती वाजता आला, गाड्या किती गेल्या, पाणी कुठून घेतलं, वारा कुठल्या दिशेचा.

"हा रिपोर्ट झाला, आणि चांगला झाला," डॉक्टर म्हणाली. "तुमच्या साहेबांना द्या. मला तुमचं सांगा."

हणमंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग विचारलं, "तुम्हाला मराठी येते?"

"नाही. पण तुम्ही बोला की."

आणि हणमंतराव समोरच्या कॅलेंडरकडे बघत मराठीत बोलायला लागले. किती दिवसांनी! आवाज गंजलेल्या नळासारखा. प्रेमा शेजारी बसून डॉक्टरला कन्नडमध्ये सांगत राहिली. तिला आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याची ड्यूटी ऐकायला मिळत होती, आणि ती लगेच पुढेही द्यावी लागत होती.

इतकी वर्षं लोक रडले ते परक्या भाषांत, हणमंतराव म्हणाले. हिंदीत, तमिळमध्ये. कन्नड आपली असली तरी ती बाहेरची. मी ऐकायचो, उठायचो, घरी यायचो. आणि हा पोरगा बोलला ते आईसारखं. प्रेमासारखं. सकाळी भावाशी चहावरून कुरबूर झाली होती. हा न बोलता कामाला गेला. आणि मी आत जायला निघालो तेव्हा म्हणाला, 'तुम्ही आत जाताय ना काका, दादाला तेवढं सांगा, मी रुसलेलो नाही.'

प्रेमा अडखळली. रुसण्याला कन्नडमध्ये काय म्हणतात, हे तिला चांगलं माहीत होतं. मुनिसु. तिने तो शब्द उच्चारला, आणि डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी 'सांगतो' म्हणालो," हणमंतराव म्हणाले. "मराठीत म्हणालो, सांगतो. आणि सांगायला कुणी राहिलं नव्हतं. आता घरात कुणीही मराठीत काही म्हटलं, की वाटतं, हेही मी कबूल करीन आणि माझ्याकडून होणार नाही."

चहा गार झाला. डॉक्टरने परत मागवला. मग ती म्हणाली, आग अंगाला लागली तरच माणूस भाजतो असं नाही. जे रोज दुसऱ्याचं ऐकतात त्यांनाही चटका बसतो, आणि त्याची खूण दिसत नाही म्हणून कुणी मलम लावत नाही. हे भित्रेपण नव्हे. कान चालू होते, याचा पुरावा आहे. काही गोळ्या, दर आठवड्याला येऊन बोलणं, आणि काही महिने पाइपचं तोंड दुसऱ्याच्या हातात. "आणि अक्का," ती प्रेमाकडे वळली, "आज तुम्हीही ऐकलंत. जड वाटलं तर तुम्हीही या." प्रेमा म्हणाली, माझ्यासाठी गुंडूराव आहेत, त्यांच्याशी भांडलं की मोकळं होतं.

हणमंतराव स्वतःच साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. साहेब माणूस बरा. म्हणाले, आराम कर, कंट्रोल रूममध्ये फोनवर बस. डॉक्टरने लिहून दिलं, फोन नको. दिवसभर ओरडणाऱ्या माणसांना कानाला लावून बसणं म्हणजे आराम नव्हे. शेवटी तोडगा निघाला पंपाचा. हणमंतराव गाडीबरोबर जाणार, पण गाडीपाशीच थांबणार. पंपाच्या काट्यावर डोळा, दांड्यावर हात, आणि पंपाचा आवाज असा की शेजारचा माणूस काय बोलतो तेही कळू नये. आणि लोकांजवळ बसायचं काम आता आळीपाळीने. प्रदीपकुमारला तर इतर भाषांची गरज म्हणून, खांदा भरून येईपर्यंत सावित्रीबाईंकडे मराठीच्या शिकवणीला पाठवलं. सावित्रीबाईंनी त्याला पहिलं वाक्य शिकवलं, "जेवलात का?" त्याच्यापुढे शिकवणी सरकली नाही, कारण रोज त्याचं उत्तर 'नाही' असायचं आणि मग ताट वाढलं जायचं.

घरात हणमंतराव आता मराठीत एखाददुसरा शब्द बोलायचे. मीठ. पंखा. हो. गल्लीने त्याचेही अर्थ लावले. पण प्रेमाच्या मनात एकच गोष्ट टोचत होती. कुणी परत मराठीत हाक मारली, आतून, आगीतून, तर हा माणूस पंपावर थांबेल?

ती पाळी आली, प्रदीपकुमारचा खांदा भरून आल्यावर, एका रविवारी सकाळी, आणि आली ती घरासमोरच.

मनस्विनीला शंकरपाळी करायची हुक्की आली. तेल चढवलं आणि फोनवर आईला कृती विचारत गॅलरीत गेली. आई कृती सांगता सांगता लग्नाच्या विषयावर गेली, आणि तेलाने पेट घेतला. पडदा पेटला, कपाट पेटलं. पोरगी अनवाणी खाली पळत आली. धूर बघून गल्ली जमली. गुंडूरावांनी आधी दुकानासमोरची पिंपं उचलायला घेतली, मग ती सोडून फोन केला, मग परत पिंपं.

बंब आला. आपल्याच गल्लीत आपल्याच नवऱ्याची गाडी! प्रेमा हातात दोशाचा उलथना घेऊन बाहेर आली होती. प्रदीपकुमार आणि आणखी एक जण पाइप घेऊन जिना चढले. हणमंतराव खाली पंपावर. त्यांनी वर पाहिलं नाही, घराकडे पाहिलं नाही, काट्याकडे पाहिलं.

आणि मनस्विनीने त्यांना पाहिलं.

"काका!" ती पंपाच्या आवाजावर ओरडली. "काका, ती आत आहे! अजून आत आहे! माझ्याकडून दार ओढलं गेलं! तुम्ही जा ना आत, प्लीज!"

प्रेमाच्या हातातला उलथना तसाच राहिला. हणमंतरावांची मान वळली. चेहरा त्या शेगडीच्या दिवशीसारखा. एक पाऊल जिन्याकडे पडलं. वर दोन माणसं धुरात होती, आणि त्यांच्या पाइपातलं पाणी या एका हातावर होतं. पाऊल पुढे गेलं. हात दांड्यावरच राहिला. माणूस त्या दोन्हींच्या मधे ताणला गेला होता.

मग पाऊल मागे आलं. आणि हणमंतराव ओरडले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे, खणखणीत मराठीत: "प्रेमा! हिच्याजवळ बस! मला नाही जमणार आत्ता, तू ऐक तिचं!"

प्रेमा धावली. पोरीला धरून कट्ट्यावर बसवलं. "कोण आहे गं आत?"

"चकली!"

"अगो, चकल्या परत करता येतील!" गुंडूराव पिंप घेऊन मधेच आले. "जीव वाचला ना तुझा!"

"मांजर हो! तिची मांजर!" प्रेमा खेकसली. आणि हणमंतरावांनी, काट्यावरची नजर न हलवता, तोंडापाशी हात नेऊन वर आवाज दिला: "प्रदीपा! बेक्कु!" मांजर बघ.

आग विझली. स्वयंपाकघर काळं झालं, बाकी घर ओलं झालं. प्रदीपकुमारने पलंगाखाली, कपाटावर, वॉशिंग मशीनमध्ये, सगळीकडे शोधलं. चकली नाही. मनस्विनीचे हुंदके थांबेनात. प्रदीपकुमार काजळलेल्या तोंडाने खाली आला, तिच्यापुढे उकिडवा बसला. आज जवळ बसायची पाळी त्याची होती. त्याने त्याच्याकडची सगळी मराठी गोळा केली आणि फार मायेने विचारलं, "जेवलात का?"

मनस्विनी रडता रडता त्याच्याकडे बघत राहिली, आणि फिस्सकन हसली.

इकडे गुंडूराव पिंपं जागेवर ठेवत होते. ठेवता ठेवता "अय्यो!" करून उडाले. लग्नाच्या ऑर्डरचं मोठं तांब्याचं पातेलं कोपऱ्यात होतं, त्याच्यात चकली अंगाचं मुटकुळं करून बसली होती. पोरगी दार ओढून पळाली त्याच्या आधीच बाईसाहेब घर सोडून खाली आल्या होत्या. लाजाळू म्हणे!

"सगळे बाहेर आले," प्रदीपकुमार हणमंतरावांपाशी जाऊन म्हणाला.

हणमंतरावांनी एकदा वर बघितलं, एकदा पातेल्याकडे. "नक्की?"

"नक्की, अण्णा."

त्यांनी पंप बंद केला. गल्लीत एकदम इतकी शांतता झाली की मांजरीचं गुरगुरणं ऐकू यायला लागलं.

संध्याकाळी ड्यूटी संपवून हणमंतराव घरी आले. चपला काढल्या. सावित्रीबाई अंगणात शेगडी पेटवून, मूठ भरून, तयारच बसल्या होत्या. बादली त्यांनी आधीच गुंडूरावांकडे पाठवून दिली होती. हणमंतराव पाटावर बसायला गेले, निखाऱ्यांकडे पाहून क्षणभर थबकले आणि म्हणाले, "आई, मिरच्या आज स्वल्प कमी टाक."

"स्वल्प कन्नड आहे," सावित्रीबाई म्हणाल्या. "बाहेर ठेवून ये."

प्रेमाने दारातून पाहिलं. मिशीवाले हणमंतराव निमूट उठले, उंबऱ्याबाहेर गेले, आणि वळून परत आत आले.

"आई," ते म्हणाले, "थोड्या कमी टाक."

सावित्रीबाईंनी ऐकलं नाही. सगळ्या टाकल्या. गुंडूराव दुकानात शिंकत राहिले.